झाकणाचा वास

दूध केंद्राच्या ओट्यावर त्याला सगळे नाकसाहेब म्हणत. हे नाव पाठीमागे, टवाळीत पडलं होतं. पण ते कानावर आल्यावर त्याने बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं आणि टवाळी करणाऱ्यांचीच पंचाईत झाली. मग तेही तोंडावर नाकसाहेब म्हणू लागले.

काम तसं साधं. पहाटे साडेपाचला दूधवाले आपापले कॅन घेऊन ओट्याशी रांग लावायचे. नाकसाहेब एकेका कॅनचं झाकण उचलायचा, उलटं करून वाटीसारखं तोंडासमोर धरायचा आणि वास घ्यायचा. त्यातही रीत होती. त्याच्या आधीच्या म्हाताऱ्या परीक्षकाने ती शिकवली होती. आधी झाकणातच सगळा श्वास सोडून छाती रिकामी करायची, झाकण जराही हलवायचं नाही, आणि मग तोंड किंचित उघडं ठेवून खोल ओढायचं. मग दोनच शब्द, ‘चांगलं’ किंवा ‘नको’. ‘नको’ म्हटलं की त्या माणसाने आपलं दूध आपल्या हाताने मागच्या गटारात ओतायचं. महिन्यात तीन ‘नको’ झाले की शनिवारच्या बैठकीत त्याचं कार्ड बंद, म्हणजे कायमचंच बंद.

मागे प्रयोगशाळा होती, तिथे नळ्या होत्या, यंत्र होतं आणि ते सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. पण नळी आणि नाक यांचं जमलं नाही तर नाकाचं ऐकायचं, असा केंद्राचा नियम होता. आठ वर्षांपूर्वी नळीने पास केलेलं दूध नाकसाहेबाने अडवलं होतं आणि ते दुपारपर्यंत खरंच नासलं होतं. तेव्हापासून नळीला कुणी विचारत नव्हतं. तो किस्सा नाकसाहेब अजून सांगायचा, आणि दर वेळी त्या दुधाचा वास थोडा अधिक सूक्ष्म होत जायचा.

या नाकापायी त्याने स्वतःचे फार लाड केले. लसूण सोडला, तंबाखू कधी लावली नाही, केंद्रावर जाण्याआधी चहा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सकाळी दात घासायचे नाहीत. पेस्टच्या पुदिन्याने नाक दोन तास मेलेलं राहतं, असं म्हाताऱ्याने सांगितलं होतं. म्हणून गेली बावीस वर्षं नाकसाहेब पहाटे उठून गार पाण्याच्या दोन चुळा भरायचा, तोंडाभोवती मफलर गुंडाळायचा आणि निघायचा. रात्री जेवला की झोप यायची. दात घासायला रविवार होता. लिहितानाही कसंतरी होतं, पण खरं ते खरं.

असा हा माणूस आणि त्याला सगळ्या जगाची किळस यायची. बसमधल्या सीटची, केंद्राच्या व्यवस्थापकांच्या रुमालाची, शेजाऱ्याने वाळत टाकलेल्या मोज्यांची. कुणी जवळ येऊन बोललं की याचं नाक आक्रसायचं. वर्षभरात तर हे फारच वाढलं होतं. घरात उशीला वास येतो, ग्लासाला वास येतो, मफलरला वास येतो, असं सारखं चालायचं. बायको उशीचे अभ्रे उकळून उकळून थकली.

“या घरात एक वस्तू स्वच्छ नाही,” तो एकदा ग्लास आपटून म्हणाला.

“अहो, एकदा दातांच्या डॉक्टरकडे जाऊन या ना,” बायको हळूच म्हणाली.

“ग्लासाला वास येतोय आणि दातांच्या डॉक्टरकडे मी जाऊ?”

“तसं नाही हो. तुमच्या तोंडाला जरा...”

“या घरात नाक कुणाचं आहे?”

त्याच आठवड्यात बायकोने आपली उशी दुसऱ्या खोलीत नेली आणि कारण म्हणून घोरण्याचं नाव सांगितलं.

दाताची गोष्ट अगदीच काही नव्हती असं नाही. दोन वर्षांपूर्वी खालच्या उजव्या दाढेला गार पाणी लागलं की कळ थेट कानात जायची. महिनाभर त्याने भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि एके दिवशी कळ आपोआप थांबली. त्या दाढेला गार कळेना की गरम. नाकसाहेबाने ओट्यावर जाहीर केलं की दात आपला आपण बरा होतो, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. मग कधीकधी हिरडीवर तांदळाएवढा फोड यायचा, दोन दिवस ठणकायचा आणि पहाटे कधीतरी फुटायचा. तोंडात खारट, गंजकट, घाणेरडं काहीतरी यायचं. तो थुंकायचा, आणि हे रात्रीच्या उसळीमुळे झालं असं ठरवायचा.

रांगेत पहिला कॅन ताईचा असायचा. ती त्याची सख्खी, चार वर्षांनी मोठी बहीण. दाजी ट्रकवर होते, महिन्यातून दोनदा घरी यायचे. पाच गाई ताई एकटी सांभाळायची आणि दुधावर घर चालवायची. सातला मुलीला शाळेत सोडायचं असे, म्हणून ती पाचलाच ओट्यावर येऊन उभी राहायची. अकरा वर्षांत तिला एक ‘नको’ मिळालेला नव्हता. आणि या महिन्यात दोन झाले होते. दोन्ही तिच्या भावाने दिलेले.

तिसरा बुधवारी झाला.

त्या पहाटे नाकसाहेब उठला तो तोंडात तीच घाण घेऊन. दोन दिवसांचा ठणका मात्र गेला होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती. चुळा भरल्या, मफलर गुंडाळला, ओट्यावर आला. ताईने कॅन पुढे केला. त्याने मफलर खाली ओढला, झाकण उलटं धरलं, छाती रिकामी केली आणि ओढलं.

फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्याला येतो तसा वास होता, पण त्याहून कुजका आणि गोडसर. तो घशात जाऊन चिकटला.

“नको.”

रांगेतले लोक माना उंचावून बघू लागले.

“अरे, पुन्हा एकदा बघ ना,” ताई म्हणाली. “मी काल रात्री कॅन दोनदा उकळत्या पाण्याने धुतलेत. सोडा घालून धुतलेत.”

त्याने पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. रीत मोडायची नाही म्हणून पुन्हा सगळा श्वास झाकणात सोडला आणि पुन्हा ओढला.

“घाण येते आहे, ताई. किळस येते अगदी.”

ताईने झाकण स्वतःच्या नाकाशी नेलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग ओशाळून म्हणाली, “मला तर काही कळतच नाही रे.”

प्रयोगशाळेतल्या बाई नळी घेऊन बाहेर आल्या. “दूध ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “उकळून बघितलं, फाटत नाही. आंबटपणा पण बेताचाच आहे.”

“नळीला नाक असतं का, बाई?” नाकसाहेब म्हणाला, आणि दोघं-तिघं सवयीने हसले. मग तो ताईकडे वळला आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, कारण बहिणीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, “झाकण नीट धुवत जा, ताई. वास राहतो.”

ताईने मान खाली घातली. तिच्या हातांची कातडी सोड्याने फाटली होती, बोटांच्या पेरांत लाल चिरा पडल्या होत्या. त्या हातांनी तिने कॅन उचलला, मागे नेला आणि ओतला. काळ्या गटारात पांढरं दूध बराच वेळ वाहत राहिलं. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

नाकसाहेबाला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही, असं आता पंचक्रोशीत होईल. घाणेरडा वास आल्यावर नाक ताजं करायला तो नेहमी कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून गुळण्या करायचा, तशा त्याने केल्या. मग पुढचे सव्वीस कॅन तपासले. सगळे चांगले. लोक कसे टापटीप ठेवतात आणि आपलीच बहीण अशी कशी निघाली, याचं त्याला घरी जाईपर्यंत आश्चर्य वाटत होतं.

गुरुवारी ठणका परत आला, आणि या वेळी फोड फुटेना. शुक्रवारी पहाटे आरशात त्याला आपलाच गाल ओळखू येईना. उजवा जबडा लिंबू तोंडात धरल्यासारखा टम्म फुगला होता, आणि किडलेल्या दाढेतून तीच घाणेरडी चव तोंडात झिरपत होती. तरी तो मफलर करकचून बांधून ओट्यावर गेला. कार्डाचा निर्णय होईपर्यंत ताईला यायची बंदी होती. आज रांगेत पहिले होते मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांनी दोन म्हशी घेतल्या होत्या आणि त्यांना ते विद्यार्थ्यांसारखं शिस्तीत ठेवायचे. नाकसाहेबाने त्यांचं झाकण धरलं, श्वास सोडला, ओढला.

तोच वास. तीच कुजकी, गोडसर घाण.

“मास्तर, तुम्ही पण?” तो जवळजवळ ओरडलाच. “सगळे मिळून मला मारायला निघालात का? नको!”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी झाकण घेतलं, वास घेतला, नाकसाहेबाच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. “माझ्या नाकाला काही येत नाही,” एवढंच म्हणाल्या. नाकसाहेबाला वाद घालण्याचं त्राण नव्हतं. जबडा असा ठणकत होता की त्याने उरलेली रांग बाईंच्या हवाली केली आणि घर गाठलं. दारातच बायको चप्पल घालून, त्याला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला तयार उभी होती.

दातांच्या डॉक्टर बाई तिशीतल्या होत्या. त्यांनी त्याला काका म्हटलं, तेही त्याला आवडलं नाही. खुर्चीच्या हाताला कुणाकुणाचे हात लागले असतील म्हणून तो हात पोटावर घेऊन बसला. थुंकायच्या भांड्याकडे तर त्याने बघितलंच नाही. डॉक्टरांनी मास्क घातला, त्यावर दुसरा मास्क घातला, आणि मग त्याच्या तोंडावर वाकल्या.

एक्स-रे काढून त्यांनी पडद्यावर दाखवला. “दात बाहेरून दगडासारखा असतो, काका, पण आतून पोकळ असतो. त्या पोकळीत नस असते, रक्त असतं, आणि ती पोकळी मुळांच्या टोकापर्यंत बारीक नळ्यांसारखी जाते. तुमची ही दाढ किडली, कीड नसेपर्यंत पोचली, तेव्हा तुम्हाला खूप दुखलं असेल.”

“दोन वर्षांपूर्वी. पण ते आपोआप बरं झालं.”

“बरं नाही झालं. नस मेली. मेलेल्याला दुखत नाही.” त्या इतक्या सहज म्हणाल्या की नाकसाहेबाला राग यायला हवा होता, पण नुसतीच शिरशिरी आली. “ती तेव्हापासून आत सडते आहे. हा मुळाखाली काळा डाग दिसतो ना, तो पू. हिरडीवर फोड येतो का अधूनमधून?”

“येतो. फुटला की बरं वाटतं.”

“फुटला की पू तोंडात येतो, म्हणून दाब कमी होतो आणि बरं वाटतं. पुन्हा भरतो, पुन्हा फुटतो. या वेळी वाट बंद झाली, म्हणून गाल सुजला. आता दाढ वरून उघडायची, आतली घाण काढायची, नळ्या धुवायच्या, औषध घालून तात्पुरतं बुजवायचं. आठवड्याने पुन्हा धुऊन कायमचं भरायचं आणि वर कॅप बसवायची. म्हणजे दाढ राहते, घाण जाते. यालाच रूट कॅनाल म्हणतात. दुखलं तर हात वर करा.”

इंजेक्शन बसलं. ओठ जड झाला, आपला नसल्यासारखा झाला. दाढेभोवती रबराचा पडदा ताणला. तोंड पडद्याआड गेलं, नाक तेवढं बाहेर राहिलं. यंत्र चिरचिरलं. जळक्या हाडाचा वास आला, पाण्याचे शिंतोडे उडाले, आणि मग यंत्र एकदम हलकं झालं. आत पोचलं होतं.

आणि वास वर आला.

फुलदाणीतलं आठवड्याचं पाणी. कुजकं, गोडसर, घशाला चिकटणारं. नाकसाहेब ज्या एका गोष्टीत जगात कुणाला हार गेला नव्हता, ती गोष्ट त्याच्या नाकाने याही वेळी चोख केली. वास त्याने तत्क्षणी ओळखला. हा ताईचा कॅन होता. हा मास्तरांचा कॅन होता.

त्याने हात वर केला.

“दुखतंय?”

त्याने मान हलवली. नाही.

“मग?”

रबराआडून त्याला काही सांगता येईना. नुसता घशातून आवाज निघाला. डॉक्टरांना वाटलं, माणूस घाबरला. “झालंच, काका. पू येतोय बाहेर, येऊ दे,” म्हणत त्यांनी बारीक सुया आत घालून खरवडायला सुरुवात केली. काळपट, ओलसर काहीतरी सुईला लागून बाहेर येत होतं आणि त्या ते कापसाला पुसत होत्या. नाकसाहेब ते डोळे फाडून बघत होता. बुधवारी ठणका गेला होता आणि ताईच्या कॅनला वास आला होता. त्याआधीच्या दोन्ही वेळाही पहाटे फोड फुटला होता. पहिला कॅन झाला की तो गुळण्या करायचा, आणि पुढचे सव्वीस कॅन चांगले निघायचे. पहिला कॅन ताईचा. आधी श्वास सोडायचा आणि मग ओढायचा. आपलीच घाण तो बहिणीच्या झाकणात ओतत होता आणि तिच्या नावावर परत घेत होता.

त्याला उमळून आलं. रबर काढल्यावर तो पहिल्यांदा त्या भांड्यावर वाकला, ज्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

डॉक्टर सूचना सांगत होत्या. बधिरपणा जाईपर्यंत काही चावायचं नाही, गाल चावला जाईल. दोन-तीन दिवस दाढ दुखेल, सूज हळूहळू उतरेल, गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि मधेच सोडायच्या नाहीत. त्या बाजूने कडक काही खायचं नाही, कॅप बसेपर्यंत तर मुळीच नाही. सूज वाढली किंवा ताप आला तर लगेच यायचं. “आणि दात घासायचे, काका. सकाळी आणि रात्री. रोज.”

“डॉक्टर,” त्याने जड ओठाने विचारलं, “हा वास दुसऱ्यांना येत असेल?”

डॉक्टरांनी मास्क उतरवला. “तुम्ही दारातून आत आलात ना, तेव्हाच मला कळलं होतं.”

रस्त्यात त्याने बायकोला विचारलं, “किती दिवसांपासून?”

“वर्ष होऊन गेलं.”

“मग नीट सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं,” बायको म्हणाली. “तुम्ही विचारलंत, घरात नाक कुणाचं आहे.”

तो घरी न जाता तसाच ताईकडे गेला. ताई अंगणात पाटावर बसून कॅन घासत होती. कॅन आधीच आरशासारखा लखलखत होता, तरी घासत होती. गोठ्यात काळी गाय इतरांपासून वेगळी, एका कोपऱ्यात बांधलेली होती.

“गाल केवढा सुजलाय रे,” ताई उठली. बुधवारचं काही मनात न धरता ती उठली, आणि ते नाकसाहेबाला फार लागलं.

“काळीला का वेगळं बांधलंयस?”

“वास तिच्याच दुधाला असणार. बाकीच्या तशा धडधाकट आहेत. पहिल्या ‘नको’पासून तिचं दूध कॅनमध्ये घालतच नाही. तिकडे ओतते.” तिने शेणाच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. “पंधरा दिवस झाले.”

नाकसाहेबाने गळ्यातला मफलर काढला. बावीस हिवाळे-उन्हाळे तो मफलर पहाटे त्याच्या तोंडावर होता. त्याने तो तिच्यासमोर धरला.

“याचा वास घे.”

“काय रे हे?”

“घे ना.”

ताईने मफलर नाकाशी नेला आणि झटक्याने लांब फेकला. ती दोन पावलं मागे सरकली. तिचं तोंड असं काही आंबट झालं की नाकसाहेबाने आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवलेलं तोंड त्याला पहिल्यांदाच समोरून दिसलं.

“शी! काय मेलंय त्यात?”

“माझी दाढ. हाच तो वास, ताई. तुझ्या कॅनचा. कॅनला नव्हता, मला होता.”

मग जड ओठाने, लाळ पुसत पुसत, त्याने सगळं सांगितलं. झाकणात श्वास सोडण्याची रीत सांगितली, फोड सांगितला, गुळण्याही सांगितल्या. ताई ऐकत होती. एकदा तिने स्वतःच्या फाटलेल्या हातांकडे पाहिलं, एकदा काळीकडे.

“मला काही वास येत नव्हता रे,” ती शेवटी म्हणाली. “पण तू म्हणालास म्हणून मला वाटलं, माझंच नाक मेलं. रात्री उठून मी कॅन हुंगायचे. आणि तीन वेळा मी माझ्या हाताने ओतलं.”

तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

“उद्या ओट्यावर सांगतो,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर.”

“सांगशील तू?” तिने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच शंका होती.

शनिवारी पहाटे व्यवस्थापकांनी त्याला आधी आत बोलावून घेतलं, कारण त्याने फोनवर सगळं कळवलं होतं. ते नेहमीप्रमाणे खिडकीकडे तोंड करून बोलत होते. “हे बघा, तुमचं नाक म्हणजे केंद्राचं नाव. हे बाहेर गेलं तर वर्षभरात ज्याला ज्याला ‘नको’ मिळालाय तो माझ्या दारात येऊन बसेल. आपण असं करू. प्रयोगशाळेतल्या बाईंनी नमुन्यांची अदलाबदल केली असं लिहू. तुमच्या बहिणीचं कार्ड राहील, तुमची जागा राहील.”

नाकसाहेबाला मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या ओट्यावरचं स्टूल बावीस वर्षं त्याचं होतं. त्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. तो होकार द्यायला पुढे वाकला, आणि व्यवस्थापक नकळत मागे सरकले, मान अजून खिडकीकडे.

“तुम्ही नेहमी खिडकीकडे बघून का बोलता, साहेब?”

व्यवस्थापक चपापले. “आता... मोठ्या माणसाला असं कसं सांगायचं.”

म्हणजे यांनाही. बावीस वर्षं ज्यांच्या रुमालाला त्याने नावं ठेवली, ते त्याच्यासमोर श्वास धरून उभे राहत होते. नाकसाहेबाला स्वतःची अशी किळस आली की दाढेचा ठणका विसरला. तो सरळ बाहेर ओट्यावर गेला.

रांग लागलेली होती. ताईही आली होती, कॅन नव्हता, नुसतीच बाजूला उभी होती.

“ताईचे तिन्ही ‘नको’ चुकीचे,” तो म्हणाला. “मास्तरांचाही चुकीचा. त्याआधीचे किती चुकले ते मला माहीत नाही. दुधाला वास नव्हता. माझी दाढ सडली होती, तिचा होता. बाईंची नळी बरोबर होती. आजपासून मी वास घेणार नाही.”

मग मास्तरांनी घसा साफ केला.

“आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल,” ते म्हणाले. “नाक तुमचंच ना.”

रांग फुटून हसली. कुणी म्हणालं, आम्ही तर तुम्ही वाकलात की श्वास धरायचो. कुणी म्हणालं, माझी सासू ओट्यावर यायचं टाळायची. प्रत्येकाकडे काहीतरी होतं सांगायला, वर्षभर साठवलेलं. नाकसाहेब मान खाली घालून ऐकत उभा राहिला. सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या एकट्याच्या नाकाला सोडून सगळ्यांना.

ताई हसली नाही. ती निघून गेली.

तिचं कार्ड राहिलं. वास घ्यायचं काम प्रयोगशाळेतल्या बाईंकडे गेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी झाकणात श्वास सोडायची रीत बंद करून टाकली. नाकसाहेबाला रिकामे कॅन धुवायच्या हौदावर बसवलं. दोन दिवस दाढ दुखली, सूज चार दिवसांनी उतरली. पुढच्या शुक्रवारी डॉक्टरांनी नळ्या धुतल्या, कोरड्या केल्या, रबरासारख्या बारीक काड्यांनी भरल्या. हिरडीवरचा फोड सुकून गेला. आणखी दोन आठवड्यांनी कॅप बसली. नाकसाहेब दिवसातून दोनदा, खरं तर चारदा, दात घासू लागला. बोलताना तो तोंडावर हात धरायचा. बायकोची उशी परत आली.

ताई रोज पहिली यायची, बाई ‘चांगलं’ म्हणायच्या, ताई जायची. हौदाकडे तिने तीन आठवडे पाहिलंही नाही. काळीचं दूध कॅनमध्ये परत आलं होतं, हे त्याला दुसऱ्याकडून कळलं.

कॅप बसल्याच्या दुसऱ्या दिवशी कॅन रिकामा झाल्यावर ताई हौदाशी आली. नाकसाहेब उठून उभा राहिला, तोंडावर हात गेला. तिने हातातलं झाकण त्याच्यापुढे धरलं. तिच्या बोटांवरच्या चिरा भरून आल्या होत्या, पण खुणा होत्या.

“नीट धू,” ती म्हणाली. “वास राहतो.”

त्याने झाकण घेतलं. सोडा घालून घासलं, गरम पाण्याने धुतलं, पुन्हा घासलं. ताई उभीच होती. पाणी निथळल्यावर सवयीने त्याने ते उलटं करून तोंडासमोर धरलं आणि श्वास सोडला. मग एकदम थांबला, झाकण खाली घेतलं आणि पहिल्यापासून पुन्हा धुवायला बसला.